चावडीवर वाचण्याजोगे

2025 च्या ऑक्टोबरात दोन दिनविशेष तीन दिवसांच्या अंतराने आले. रविवारी, 12 ऑक्टोबरला, माहितीच्या अधिकाराचा कायदा लागू झाल्याला वीस वर्षे झाली. बुधवारी, 15 ऑक्टोबरला, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची जयंती. 2015 पासून महाराष्ट्र ती वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतो. पहिला दिवस कार्यकर्त्यांचा, निवृत्त अधिकाऱ्यांचा आणि परिसंवादांचा. दुसरा शाळांचा आणि वाचनालयांचा. दोन्ही दिवसांची पाहुणे मंडळी वेगळी, भाषणे वेगळी. एका व्यासपीठावर ती कधी आली असतील असे वाटत नाही.

यायला मात्र हरकत नव्हती. वाचन प्रेरणा दिनी शाळाशाळांतून कलामांच्या ‘अग्निपंख’ या आत्मचरित्रातले उतारे वाचले जातात आणि क्षेपणास्त्रांची गोष्ट सांगितली जाते. कलाम स्वतः भाषणांतून आणखी एक गोष्ट आवडीने सांगत. ‘अग्नी’ क्षेपणास्त्रासाठी तयार झालेले हलके संमिश्र द्रव्य हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधल्या पोलिओग्रस्त मुलांच्या कॅलिपरसाठी वापरले गेले, आणि तीन किलोंच्या आसपास असलेले पायातले ओझे तीनशे ग्रॅमवर आले. लोकहिताचे तंत्रज्ञान म्हणजे काय, हे याहून सोपे करून सांगता येणार नाही. पण ते कॅलिपर डोळ्यांना दिसत होते. मुलाला चालता येते की नाही, हे त्याच्या आईला कोणी समजावून द्यावे लागत नव्हते. आज सरकार आणि नागरिक यांच्यामध्ये जे तंत्रज्ञान उभे आहे ते असे दिसत नाही. ते ऑनलाइन अर्जात असते, रेशन दुकानातल्या पॉस मशीनमध्ये असते, कुठल्या तरी सर्व्हरवरच्या यादीत असते. ते समजून घ्यायचे तर वाचायला लागते. या वाचनाची आपल्याकडे वानवा आहे, आणि वाचन प्रेरणा दिनाच्या निमित्ताने बोलायचे आहे ते त्याविषयी.

एक उदाहरण घ्या. राज्य सरकारने 2025 च्या सप्टेंबरात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेच्या लाभार्थी महिलांना ई-केवायसी सक्तीची केली. लगेच ओटीपी येईना, संकेतस्थळ उघडेना, सेवा केंद्रांवर रांगा लागल्या. बातम्याही त्याच्याच आल्या. सर्व्हरची क्षमता वाढवली की हा गोंधळ ओसरतो. अर्जातली खरी मेख दुसरीच होती. बाईने स्वतःचा आधार क्रमांक दिल्यावर पुढे पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक द्यायचा होता. जिचा नवरा गेला आणि वडीलही गेले, तिने त्या चौकटीत काय भरायचे? योजनेच्या पात्रतेत विधवा, परित्यक्ता, निराधार महिला पहिल्यापासून आहेत. म्हणजे शासन निर्णयाला ठाऊक असलेली बाई अर्जाला ठाऊक नव्हती. जगातला सर्वांत वेगवान सर्व्हर आणला तरी हा दोष तसाच राहतो, कारण तो यंत्राचा नाहीच. अर्जाचा आराखडा करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जी बाई होती तिला नवरा किंवा बाप होता, एवढेच. पण चावडीपासून चॅनेलपर्यंत आपण सारे ‘सर्व्हर डाऊन’ या दोन शब्दांवर थांबलो. पुढचा प्रश्न विचारायला लागणारी भाषाच अजून आपल्या हाताशी नाही.

ही भाषा इतरत्र घडते आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात सरकारी मदतीसाठी भरायचा अर्ज अनेक वर्षे 42 पानांचा होता. त्यात हजारावर प्रश्न होते. मूल पोटात कधी राहिले त्याची तारीखही विचारलेली होती. डेट्रॉइटमधल्या ‘सिव्हिला’ नावाच्या छोट्या संस्थेने हा अर्ज हाती घेतला. त्यांनी प्रथम संगणकाला हात लावला नाही. अर्ज भरणाऱ्यांजवळ बसले, तो तपासणाऱ्या कर्मचाऱ्यांजवळ बसले, मग खात्याच्या वरिष्ठांनाच तो भरायला दिला. एकेका प्रश्नाबद्दल विचारत गेले की हा कुठल्या कायद्यासाठी लागतो. बऱ्याच प्रश्नांना कायद्याचा आधारच सापडला नाही. कधीतरी कोणीतरी घातले आणि ते तिथे राहिले. 2018 मध्ये नवा अर्ज राज्यभर लागू झाला. जुन्याच्या मानाने तो पाचव्या हिश्श्याएवढा होता.

याच मिशिगनची दुसरी कथा सोबत वाचल्याशिवाय पहिलीचा अर्थ लागत नाही. 2013 च्या ऑक्टोबरात तिथे बेरोजगार भत्त्यातली फसवणूक आपोआप शोधणारी ‘मिडास’ नावाची प्रणाली बसवली. 2015 च्या ऑगस्टपर्यंत तिने सुमारे 40,000 लोकांवर खोटेपणाचा ठपका ठेवला. कोणाचा प्राप्तिकराचा परतावा वळवला, कोणाच्या पगारातून वसुली केली. नंतर राज्याने माणसे बसवून प्रकरणे तपासली, तेव्हा यंत्राने एकट्याने दिलेल्या निकालांपैकी 93 टक्के चुकीचे निघाले. राज्य एकच, काळही जवळपास एकच. एका खोलीत अर्जाची ओळ न् ओळ वाचून तो माणसाच्या मापाचा केला जात होता. दुसऱ्या खोलीत माणसे उठवून वाचनाचे काम यंत्राला दिले होते, आणि यंत्र काय वाचते आहे ते पाहणारे कोणी नव्हते. मिडासचा राग येतो, पण तिच्यामागे कोणी दुष्ट नव्हता. खर्च वाचवायचा होता. अधिकाऱ्याने सही करण्याआधी कागद वाचण्याला जो वेळ लागतो, तोच नेमका ‘वाचवण्याजोगा खर्च’ ठरला.

2018 पासून इंग्रजीत या विषयावर चांगली पुस्तके आली. व्हर्जिनिया युबँक्स यांचे ‘ऑटोमेटिंग इनइक्वॅलिटी’ (2018) हे गरिबांच्या बाजूने लिहिलेले आहे. इंडियाना, लॉस एंजेलिस आणि पिट्सबर्ग इथल्या मदत यंत्रणांच्या तीन हकिगती त्यात आहेत. टारा मॅकगिनेस आणि हॅना शँक यांचे ‘पॉवर टू द पब्लिक’ (2021) लोकहिताच्या तंत्रज्ञानाच्या क्षेत्राची ओळख करून देते, पण त्याचा सूर जरा उत्साही आहे. तिन्हींत आम्हांला वाचायला सर्वांत रोचक वाटले ते जेनिफर पाल्का यांचे ‘रिकोडिंग अमेरिका’ (2023). पाल्का यांनी 2009 मध्ये ‘कोड फॉर अमेरिका’ काढली आणि पुढे ओबामांच्या कारकिर्दीत त्या प्रत्यक्ष सरकारात गेल्या. 1 ऑक्टोबर 2013 रोजी आरोग्य विम्याचे सरकारी संकेतस्थळ मोठ्या गाजावाजात सुरू झाले आणि पहिल्या दिवशी त्यावरून नोंदणी पूर्ण झाली ती फक्त सहा जणांची. ती नामुष्की त्यांनी जवळून पाहिली. सरकारी कारभारात धोरण आखणारा श्रेष्ठ आणि ते अमलात आणणारा कनिष्ठ, ही उतरंडच घात करते, असे त्या सांगतात. उतरंडी आपल्याकडे कमी आहेत असे कोणी म्हणणार नाही. मंत्रालयातला उपसचिव शासन निर्णय लिहितो. अर्जाचा पडदा कोणा ठेकेदाराच्या कार्यालयातला तेवीस वर्षांचा मुलगा बनवतो. बाईच्या शिव्या सेवा केंद्र चालवणारा खातो. हे तिघे एकमेकांना कधी भेटत नाहीत.

ब्रिटिश पोस्टाचे प्रकरण तर प्रत्येक वाणिज्य महाविद्यालयात शिकवावे असे आहे. 1999 पासून तिथल्या टपाल कचेऱ्यांत ‘होरायझन’ ही हिशेबाची संगणक प्रणाली बसवली गेली. तिच्यात रोकड कमी दिसू लागली की पोस्ट खाते शाखा चालवणाऱ्याला चोर ठरवी. 2015 पर्यंत नऊशेहून अधिक जणांना शिक्षा झाल्या. काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. प्रणालीच्या आत काय घडते आहे ते या माणसांना पाहता येत नव्हते. आपल्याच शाखेचा हिशेब त्यांना शेवटच्या आकड्यापुरताच दिसे. त्यात इंग्लंडच्या कायद्याचे गृहीतक असे की, उलट सिद्ध होईपर्यंत संगणक बरोबर मानायचा. ‘कॉम्प्युटर वीकली’ या व्यवसायविषयक नियतकालिकाने 2009 मध्ये सात जणांच्या कहाण्या छापल्या, तेव्हा कोणी फारसे हलले नाही. पत्रकार निक वॉलिस यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा करून 2021 मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला. 2024 च्या जानेवारीत दूरचित्रवाणीवर मालिका आली तेव्हा कुठे देश पेटला, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात संसदेने कायदा करून शिक्षा रद्द केल्या. मधली पंधरा वर्षे ही गोष्ट छापलेली होती. वाचणारे थोडे होते.

मात्र ही सारी पुस्तके विलायती आहेत, आणि हा विषय विलायतेतून आला असा समज ती वाचून होऊ शकतो. तो धरून बसलो तर आपले नुकसान आहे. कारण या क्षेत्रातला एक चांगला धडा कोल्हापूर-सांगलीच्या सीमेवर, वारणेच्या खोऱ्यात मिळालेला आहे. 1998 मध्ये तिथे ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला आणि साखर कारखान्याच्या कार्यक्षेत्रातल्या गावोगावी संगणक केंद्रे आली. देशविदेशांतून पाहुणे पाहायला येत. शेतीसल्ला, शिक्षण, बाजारभाव, सगळे त्या पडद्यावर मिळेल अशी स्वप्ने होती. काही वर्षांनी बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधले राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो तोयामा तिथे गेले आणि शेतकरी त्या केंद्रात प्रत्यक्षात काय करतो ते पाहत बसले. त्याला आपल्या उसाचे वजन हवे होते, खताची नोंद हवी होती, बिल कधी निघते ते हवे होते. हे तर साध्या मोबाइलवरच्या लघुसंदेशातही मावत होते. सात गावांत आठ महिने त्यांनी संगणकाऐवजी मोबाइल चालवून पाहिला. काम तेवढेच झाले, खर्च उतरला आणि शेतकऱ्याला तेच जास्त पसंत पडले. वारणेचा माणूस अडाणी होता म्हणून त्याने थोडेच मागितले, असा याचा अर्थ नव्हे. उसाचे वजन आपल्या हातात असणे ही त्या मुलखात काय चीज आहे, हे काटामारीवर, म्हणजे वजनातल्या चोरीवर, आंदोलने झालेल्या प्रदेशात सांगायला नको.

तोयामांनी पुढे ‘गीक हेरसी’ (2015) लिहिले. तंत्रज्ञान समाजात असलेलेच बळ वाढवते, नसलेले निर्माण करत नाही, हे त्यांचे म्हणणे. वीरराघवन आंध्र प्रदेशात रोजगार हमीच्या कामांमागे गेले आणि त्यांनी ‘पॅचिंग डेव्हलपमेंट’ लिहिले. वरचा अधिकारी संगणकातून खालच्यावर लगाम घालतो, खालचा त्यातून पळवाट काढतो, वरचा नवी ठिगळे लावतो, आणि हा खेळ संपत नाही, असे ते दाखवतात. त्यांच्या पुस्तकातला आम्हांला महत्त्वाचा वाटलेला भाग संगणकाचा नाही. संगणकातली मजुरांची नोंद छापून गावात नेली जाते, घरोघर पडताळली जाते आणि मग सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली जाते, त्या सामाजिक अंकेक्षणाचा तो भाग आहे.

इथे रविवारचा दिवस बुधवारच्या दिवसाला येऊन मिळतो. माहितीच्या अधिकाराचा उगम दिल्लीच्या परिषदगृहात शोधायचा नसतो. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह आणि त्यांच्या सोबत्यांनी 1990 मध्ये राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटना उभी केली. डिसेंबर 1994 मध्ये कोट किराना या गावी त्यांनी पहिली जनसुनवाई घेतली. कशीबशी मिळवलेली सरकारी बिले आणि हजेरीपट तिथे गावासमोर वाचून दाखवले गेले. कामावर कधी न गेलेल्यांची नावे त्यांत निघाली, न आलेल्या मालाची बिले निघाली. ज्यांना स्वतःला अक्षर येत नव्हते अशी माणसे ते ऐकत होती आणि एकेक ओळ खोडून काढत होती. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा त्यातून आली, 1996 मध्ये ब्यावरला चाळीस दिवसांचे धरणे झाले आणि 2005 मध्ये कायदा. गोव्याने 1997 मध्ये आणि महाराष्ट्राने 2002 मध्ये आपापले कायदे त्याआधीच केले होते. अरुणा रॉय यांनी संघटनेच्या साथीने लिहिलेला ‘द आरटीआय स्टोरी’ (2018) हा ग्रंथ या सगळ्याची साद्यंत हकिगत सांगतो. कुठल्याही संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला लोकहिताचे तंत्रज्ञान शिकायचे असेल तर त्याने आधी हा वाचावा आणि मग पाल्काबाईंकडे जावे, असे आमचे मत आहे.

कारण हजेरीपट हेही तंत्रज्ञानच. रोजगार हमी ही महाराष्ट्राची देन. 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली, 1977 मध्ये कायदा झाला आणि पुढे देशाच्या कायद्याला तिचा आधार मिळाला. त्या काळापासून गावात मस्टर, म्हणजे हजेरीपट, कोणाच्या हातात आहे यावर सारे ठरे. आता मस्टर मोबाइलमध्ये गेले आहे. 2023 च्या जानेवारीपासून कामाच्या जागी दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो काढून ॲपवर चढवावा लागतो. हेतू असा की खोटी हजेरी लागू नये. 2025 च्या जुलैत केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच पत्रक काढून राज्यांना कळवावे लागले की ॲपवर भलतेच फोटो चढवले जात आहेत, काही ठिकाणी तर फोटोचाच फोटो काढून हजेरी लावली जाते. लाखो फोटो रोज कुठल्या तरी सर्व्हरवर जातात. तिथे ते पाहणार कोण? कोट किरानात जी बाई उठून म्हणू शकली की हा माणूस या कामावर नव्हता, तिच्यापुढे ते फोटो येत नाहीत. पूर्वी मस्टर लपवले जात होते. आता ते सगळ्यांसाठी खुले आहे म्हणतात, पण अशा जागी की जिथे गावातले कोणी जात नाही.

कागद कोणाच्या हाती, हा प्रश्न मराठी माणसाला नवा नाही. नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या गावातून ‘दीनमित्र’ हे साप्ताहिक चालवणारे मुकुंदराव पाटील यांनी 1913 मध्ये ‘कुलकर्णी लीलामृत’ लिहिले ते याच प्रश्नावर. गावचे दप्तर एका घरात, लिहिणारा तोच, वाचणारा तोच, आणि कुणब्याने फक्त अंगठा उठवायचा, या व्यवस्थेची त्यांनी रेवडी उडवली. शाहू महाराजांनी 1918 मध्ये करवीर संस्थानात कुलकर्णी वतने मोडली आणि पगारी तलाठी आणले. कारभाराच्या रचनेतला हा बदल होता, आणि त्याच्या आधी पाच वर्षे त्यावर एक पुस्तक लिहून झाले होते. आज अंगठा पुन्हा आला आहे, पॉस मशीनवर. ‘अंगठा लागत नाही’ या वाक्याला रेशन दुकानात जो अर्थ आला आहे, तो मुकुंदरावांना सांगावा लागला नसता.

आणि सातबारा? सुमारे अडीच कोटी सातबारा उतारे संगणकावर चढवण्याचे काम महाराष्ट्राने काही दशके रखडत, चुकत, पण अखेर पुरे केले. हाताने लिहिलेला उतारा आणि संगणकाचा उतारा जुळेना. क्षेत्र बदलले, सहहिस्सेदार गळले, फेडलेले बोजे तसेच राहिले. तेव्हा महसूल खात्याने 2017 मध्ये एक जुनाच उपाय काढला. गावोगावी चावडी वाचन ठेवले. संगणकातून छापलेले उतारे तलाठ्याने खातेदारांसमोर वाचायचे, ज्याची चूक त्याने तिथेच सांगायची, मग ती संगणकात दुरुस्त करायची. सगळीकडे ते मनापासून झाले असे कोणी म्हणणार नाही. कित्येक चावड्यांवर सतरंजीसुद्धा अंथरली गेली नसेल. तरी आमच्या मते गेल्या दहा वर्षांतले महाराष्ट्राचे सर्वांत मोलाचे नागरी तंत्रज्ञान ते होते. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचे उतारे मिळू लागले त्याच्या उद्घाटनाचे फोटो निघाले. त्यामागच्या वाचनाचे कोणी काढले नाहीत. आणि कोणी लिहिलेही नाही. तलाठ्यांनी, मंडल अधिकाऱ्यांनी, पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रातल्या (एनआयसी) अभियंत्यांनी, फेऱ्या मारून थकलेल्या खातेदारांनी काय पाहिले, याचे एखादे सलग मराठी पुस्तक आमच्या पाहण्यात नाही. मिशिगनच्या 42 पानी अर्जावर लेख येतात. अडीच कोटी उताऱ्यांवर विभागीय परिपत्रके.

ज्या यंत्रणांना अशी चावडी नाही त्यांचे काय होते ते शेजारी दिसते. हरियाणात कुटुंब ओळखपत्राच्या माहितीसाठ्याने एका 102 वर्षांच्या वृद्धाला मृत ठरवले आणि पेन्शन थांबवली. तेव्हा 2022 च्या सप्टेंबरात तो रोहतकमध्ये रथात बसून, वाजंत्री लावून वरात घेऊन निघाला. हातात फलक होता: ‘थारा फूफा अभी जिंदा है’. बातमी देशभर हसत हसत वाचली गेली. तेलंगणात संगणकीय चाळणीने रद्द झालेल्या लाखो शिधापत्रिकांची प्रत्यक्ष घरी जाऊन फेरतपासणी करा, असे सर्वोच्च न्यायालयाला 2022 मध्ये सांगावे लागले. त्यावर हसायला कोणाला काही नव्हते.

मग वाचन प्रेरणा दिनी काय वाचावे? कथा-कविता वाचूच नयेत असे नाही. पण आपल्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे स्थापनेचे साल पाहावे. रत्नागिरीचे 1828, नाशिकचे 1840, पुण्याचे 1848. ही घरे उभारणाऱ्यांना मनोरंजनापलीकडचे काही हवे होते. राज्यकर्त्यांचा कारभार काय चालला आहे ते कळावे, त्यावर बोलता यावे, हा त्यातला मोठा भाग होता. पुण्याच्या वाचनालयाशी लोकहितवादींचे नाव उगाच जोडलेले नाही. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यालाही या घराची आठवण आहे. त्याच्या कलम 4(1)(ख) मध्ये प्रत्येक कार्यालयाने न मागता जाहीर करायच्या सतरा बाबी दिल्या आहेत. त्यांतली पंधरावी नागरिकांना माहिती मिळण्याच्या सोयींची आहे, आणि तिथे सार्वजनिक वापरासाठीच्या वाचनालयाच्या किंवा वाचनकक्षाच्या वेळांचा स्पष्ट उल्लेख आहे. कायदा लिहिणाऱ्यांनी असे धरले होते की माणूस येईल, बसेल आणि वाचेल. याच कलमात पुढे असेही म्हटले आहे की माहिती स्थानिक भाषेत आणि तिथे पोहोचेल अशा मार्गाने द्यावी. राज्य अनुदान देते त्या प्रत्येक वाचनालयात तालुक्याची ही सतरा बाबींची माहिती छापून ठेवायला फार तर एक फडताळ लागेल. ते ठेवावे. त्याच्याशेजारी वर सांगितलेल्यांपैकी दोन-तीन पुस्तकांचे चांगले मराठी अनुवाद ठेवायला मिळाले तर बरे, पण त्याची वाट पाहत बसू नये. आणि हिंजवडीपासून पनवेलपर्यंत पसरलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या ग्रंथपालांनी ‘कुलकर्णी लीलामृत’ची एक प्रत मागवावी. सरकारी पोर्टलचे काम ज्यांच्या वाट्याला उद्या येणार आहे, ती मुले तिथे शिकताहेत.

त्या सतरा बाबींतली बारावी मात्र आता अडचणीत आहे. अनुदानाच्या योजना कशा राबवल्या, किती रक्कम गेली आणि लाभार्थी कोण, हे जाहीर करावे असे ती सांगते. चावडीवर वाचायची यादी ती हीच. संसदेने 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा मंजूर केला आणि त्यातून माहिती अधिकाराच्या आठव्या कलमातला (1)(ञ) हा खंड बदलण्याची तरतूद केली. त्याआधी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्याने खासगीपणावर विनाकारण आक्रमण होते, असे दाखवावे लागे. विधिमंडळाला जी नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, अशी पुस्तीही होती. नव्या मजकुरात हे काही नाही. माहिती वैयक्तिक असली की पुरे. खासगीपणाची काळजी खोटी नाही. आधार क्रमांक आणि बँक खाती उघड्यावर पडलेल्या याद्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत आणि त्यांना आळा हवाच. पण मस्टरवरचे नावही वैयक्तिक माहितीच आहे, न आलेल्या खडीचे बिल उचलणाऱ्याचे नावही तीच. उद्या ग्रामसभेत कोणी रोजगार हमीच्या मस्टरची प्रत मागितली आणि ग्रामसेवकाने नवा खंड दाखवून नकार दिला, तर मागणाऱ्याने त्याला आठव्या कलमाचे दुसरे पोटकलम वाचून दाखवावे. लोकहित होणाऱ्या हानीपेक्षा मोठे असेल तर माहिती देता येते, असे त्यात लिहिले आहे, आणि त्याला अजून कोणी हात लावलेला नाही.